खोलीच्या मापाचा एअर प्युरिफायर




एअर प्युरिफायर केवढा घ्यायचा, हे दोन गोष्टींवर ठरते: खोलीत हवा किती मावते आणि ती सगळी हवा तासाभरात किती वेळा गाळली जावी. खोक्यावर ठळक छापलेल्या ‘अमुक चौरस फुटांपर्यंत’ या दाव्यातून यांपैकी एकही गोष्ट कळत नाही. त्यामुळे आधी खोली मोजावी, मग यंत्राचा आकडा पाहावा.

खोली मोजताना लांबी आणि रुंदीबरोबर उंचीही धरावी. बारा बाय दहाच्या बेडरूमचे छत दहा फुटांवर असेल, तर घनफळ १२०० घनफूट, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर होते. जुन्या इमारतींत छत याहून उंच असते. तेवढ्याच चटईक्षेत्रात तिथे जास्त हवा मावते. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत वा दार नसेल, तर दोन्ही मिळून एकच खोली समजावी. बंद दारापलीकडच्या खोलीचा हिशोब मात्र वेगळा.

यंत्राचा खरा आकडा म्हणजे शुद्ध हवा पुरवण्याचा दर, अर्थात सीएडीआर. भारतात तो बहुधा घनमीटर प्रति तास असा दिलेला असतो. अमेरिकन यंत्रांवर सीएफएम, म्हणजे घनफूट प्रति मिनिट. एक सीएफएम म्हणजे ताशी १.७ घनमीटर. घरगुती खोलीतली हवा ताशी सुमारे पाच वेळा गाळली जावी, असा हिशोब सामान्यतः धरतात. वरच्या बेडरूमसाठी ३४ गुणिले ५, म्हणजे ताशी १७० घनमीटर किंवा १०० सीएफएम लागतात. अमेरिकेतील घरगुती उपकरण उत्पादकांच्या संघटनेचा ‘क्षेत्रफळाच्या दोन तृतीयांश सीएफएम’ हा ठोकताळा आठ फुटी छतासाठी आहे. त्यानुसार याच खोलीला ८० सीएफएम पुरतात. छत दहा फुटांवर गेले की तेच १०० होतात.

खोक्यावरचा दावा याच हिशोबाने तपासता येतो. ताशी २०० घनमीटर देणाऱ्या यंत्रावर ‘४०० चौरस फूट’ लिहिले असेल, तर दहा फुटी छताच्या तेवढ्या जागेतली हवा ते ताशी जेमतेम पावणेदोन वेळा गाळते.

हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण बाहेरची धूळ बंद खिडक्यांच्या फटींतूनही सतत आत येते. समजा, फटींतून ताशी एकदा खोलीभर हवा येते आणि बाहेर पीएम २.५ हे सूक्ष्म कण घनमीटरला ९० मायक्रोग्रॅम आहेत. ताशी पाच वेळा हवा गाळली, तर आतले प्रमाण साधारण १५ वर स्थिरावते. दोनच वेळा गाळली, तर ३० वर. भारताची चोवीस तासांची मर्यादा ६० आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५ आहे. हाच हिशोब उघड्या खिडकीला लावला आणि ताशी दहा वेळा हवा खेळते असे धरले, तर ताशी पाच वेळा गाळणारे यंत्रही प्रमाण ६० च्या खाली आणू शकत नाही.

सीएडीआर पंख्याच्या सर्वाधिक वेगावर मोजलेला असतो, आणि त्या वेगाच्या आवाजात झोप लागणे कठीण. रात्री यंत्र मधल्या वेगावर चालणार, हे गृहीत धरून बेडरूमसाठी हिशोबापेक्षा दीडपट ते दुप्पट क्षमता घ्यावी: १७० ची गरज असेल तिथे २५० ते ३४०. मोठे यंत्र कमी वेगावर चालवणे, हे छोटे यंत्र पूर्ण वेगावर चालवण्यापेक्षा कानाला सुसह्य असते.

गाळणी खऱ्या हेपा प्रकारची, म्हणजे सूक्ष्म कण अडवणारी, असावी; ‘हेपासारखी’ या शब्दाला मोल नाही. कोंदलेल्या गाळणीतून हवा कमी जाते, म्हणजे मोठ्या मापाचे यंत्रही छोटे होऊन बसते. म्हणून पुढची जाळी नियमित साफ करावी आणि नव्या गाळणीची किंमत खरेदीपूर्वीच विचारावी. यंत्र पडद्याआड किंवा कपाटाला चिकटवून ठेवू नये. ओझोन सोडणारे यंत्र घेऊच नये; तो वायू फुप्फुसांना घातक आहे.

हेपा गाळणी कण अडवते, वायू नाही. वासासाठी सक्रिय कोळशाचा जाड थर लागतो. श्वासातून साठणारा कार्बन डायऑक्साइड तर कोणताही घरगुती प्युरिफायर काढत नाही. त्यासाठी बाहेरची हवा बरी असेल त्या वेळी खिडक्या थोडा वेळ उघडाव्यात, मग बंद करून यंत्र पूर्ण वेगावर चालवावे. ताशी पाच वेळा गाळणाऱ्या यंत्राने अर्ध्या तासात खोलीतली बरीचशी धूळ उतरते. त्यानंतर वेग कमी करावा.