मळीचं खत चाऱ्याला चालेल का?

प्रश्न : शेणखत पुरत नाही. साखर कारखान्याची मळी संकरित नेपिअरला टाकली तर जनावरांना अपाय होईल का?
– एक पशुपालक, पुसेगाव (ता. सेनगाव, जि. हिंगोली)

उत्तर : मळी जरूर वापरा, पण कुजवूनच. वसमतच्या पूर्णा कारखान्यासारख्या ठिकाणी रस गाळल्यावर जो काळपट गाळ उरतो ती मळी; तीत स्फुरद, कॅल्शियम, गंधक आणि भरपूर सेंद्रिय कर्ब असतो. ताजी मळी मात्र शेतात तापते. तिच्यातलं मेण पाणी मुरू देत नाही आणि कुजताना ती पिकाचाच नत्र ओढते. शेण व कुजवणारं संवर्धक मिसळून, ओल राखून, अधूनमधून ढीग पालटत दोन-तीन महिने ठेवा. वास गेला, ढीग थंड झाला की एकरी चार-पाच टन लागवडीपूर्वी मातीत मिसळा. ताज्या मळीत निम्म्याहून जास्त पाणीच असतं. गाडीभाडं ठरवताना हे धरा.

डिस्टिलरीचं कच्चं सांडपाणी कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. त्यात पालाश भरपूर, पण क्षारही तितकेच. आपल्या निचरा कमी असलेल्या काळ्या जमिनीत ते साचून राहतात. चामड्याच्या किंवा रंगाच्या कारखान्याचा गाळ तर चाऱ्याजवळही नको, त्यातले जड धातू दुधात उतरू शकतात.

मळीनं नत्राची गरज भागत नाही. प्रत्येक कापणीनंतर थोडा युरिया द्या. जास्त दिल्यास चाऱ्यात नायट्रेट साठून जनावराला विषबाधा होऊ शकते. पहिल्या कापणीचा चारा सुरुवातीला कडब्यात मिसळून थोडाच घाला.