रुसलेली मोटार



खाडीकांठीं राहणाऱ्या कोणासही पुढील देखावा अपरिचित नसेल. होडी पाण्यांत आहे, मंडळी बसलेली आहेत, आणि पिछाडीस उभा असलेला गृहस्थ मोटारीची दोरी ओढून ओढून घामाघूम झाला आहे. मोटार एकदां खोकते, थोडा धूर सोडते आणि गप्प बसते. मग जो तो सल्ला देऊं लागतो. एक म्हणतो, प्लग बदला. दुसरा म्हणतो, पेट्रोल वाईट. तिसरा पान्हा घेऊन दिसेल तो स्क्रू फिरवितो. अर्ध्या तासानें मोटार अधिकच बिघडलेली असते आणि मूळचा दोष कोणता होता, हें सांगणें कोणासही शक्य राहत नाहीं.

लहानपणीं मीही असाच एक तिसरा होतों. आम्ही तिघे मुलगे घरची जुनी मोटार लावून खाडींत निघालों. थोड्या वेळानें ती बंद पडली व पुन्हां सुरू होईना. आम्हीं तडक कार्बोरेटर उघडला. त्यांतील एक बारीक स्क्रू निसटून पाण्यांत गेला. ओहोटी होडीस खाडीच्या मुखाकडे ओढीत होती. तेथें लाटा फुटतांना दिसत होत्या, आणि वल्हीं तर आम्ही घरींच ठेवून आलों होतों. सुदैवानें मासे घेऊन परतणाऱ्या एका होडीच्या तांडेलांनीं आमच्याकडे दोर फेंकला. धक्क्यास लागल्यावर त्यांनीं एकच प्रश्न विचारला, “बाळांनो, टाकीच्या टोपीवरचा हवेचा स्क्रू कोणी पाहिला होता काय?” तो घट्ट बंद होता. टाकींत हवा शिरण्यास वाट नसल्यामुळें पेट्रोल खालीं उतरत नव्हतें. दोष दोन बोटांनीं दूर होण्याजोगा होता. परंतु तो कळला तेव्हां आमचा कार्बोरेटरच अपुरा झाला होता.

होडीच्या पिछाडीस अडकविण्याची ही मोटार फार जुनी नव्हे. नॉर्वेंत जन्मलेल्या ओले एव्हिनरुड यानें अमेरिकेंतील मिलवॉकी शहरांत १९०९ सालीं दीड अश्वशक्तीची मोटार विक्रीस आणली, आणि तेव्हांपासून हें यंत्र सामान्य माणसाच्या हातीं आलें. जुन्या लहान मोटारी बहुधा दोन-धांवी असतात. दट्ट्या वर जातो तेव्हां त्याच्या डोक्यावरील मिश्रण दाबलें जातें, आणि त्याच वेळीं खालच्या पेटींत हवा व पेट्रोल यांचें नवें मिश्रण ओढलें जातें. वर ठिणगी पडते, स्फोट होतो, दट्ट्या खालीं लोटला जातो, आणि खालचें मिश्रण वर चढतें. म्हणजे मोटार चालण्यास तीन गोष्टी अवश्य आहेत: योग्य मिश्रण, वेळेवर पडणारी जोरदार ठिणगी आणि पुरेसा दाब. यांपैकीं कोणत्या गोष्टीची उणीव आहे, हें क्रमानें शोधून काढणें हीच खरी दुरुस्ती होय.

पहिली पायरी हत्यारांवांचूनची आहे. टोपीवरील हवेचा स्क्रू उघडा आहे काय? पेट्रोलची तोटी उघडी आहे काय? मोटार बंद करण्याचें बटण अडकून राहिलें नाहीं ना? थंड मोटारीस चोक दिला आहे काय? ज्या मोटारीस गिअर आहे तिचा गिअर सुटा आहे काय? हे प्रश्न क्षुल्लक वाटतात, म्हणूनच ते विचारावयाचे राहून जातात.

दुसरी पायरी म्हणजे प्लग काढून नुसता पाहणें. कितीही दोरी ओढून प्लग कोरडाच असेल, तर पेट्रोल वर पोहोंचत नाहीं. तो पेट्रोलनें भिजलेला असेल, तर पेट्रोल येत आहे. मात्र ठिणगी नाहीं, किंवा चोक देऊन वारंवार दोरी ओढल्यामुळें आंत पेट्रोलचा पूर झाला आहे. अशा वेळीं तोटी बंद करावी, चोक काढावा, पेट्रोल देण्याची कळ पूर्ण उघडावी, प्लगची तार इंजिनच्या उघड्या धातूस टेकवून ठेवावी व प्लग बाहेर असतांना पांच-सहा वेळां दोरी ओढावी. मग कोरडा केलेला प्लग लावून पुन्हां प्रयत्न करावा.

तिसरी पायरी ठिणगीची. ही परीक्षा वडीलधाऱ्यांच्या देखत व मोकळ्या हवेंतच करावी. पेट्रोलचा डबा दूर न्यावा, सांडलेलें पेट्रोल पुसून वाळूं द्यावें. काढलेला प्लग तारेस जोडून त्याचें धातूचें अंग इंजिनास टेकवावें, पण प्लगच्या भोंकापासून दूर; तो हातांत धरूं नये. दोरी ओढतांच निळी, तडतडणारी ठिणगी दिसली तर उत्तम. पिवळी व अशक्त दिसली, किंवा मुळींच दिसली नाहीं, तर नवा प्लग लावून पुन्हां पाहावें. तरीही फरक पडला नाहीं, तर दोष गतिचक्राखालीं असलेल्या मॅग्नेटोंत शोधावा. खाऱ्या हवेंत पडून राहिलेल्या मोटारीच्या संपर्कबिंदूंवर गंज व मळ चढतो. ते स्वच्छ करून त्यांतील अंतर त्या मोटारीच्या पुस्तकाप्रमाणें ठेवावें; अनेक जुन्या लहान मोटारींत तें अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतें. तारेच्या वेटोळ्यावरील आवरणास भेगा पडल्या असतील, तर वीज वाटेंतच निसटते.

चौथी पायरी पेट्रोलची. महिनोन्महिने ठेवलेल्या पेट्रोलांतील हलका भाग उडून जातो, आणि हलक्या भागावरच थंड मोटारीचें पेटणें अवलंबून असतें. मागें राहणारा चिकट भाग कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. शिवाय आज आपल्या देशांत मिळणाऱ्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें; तें ओलावा शोषतें, व पाणी फार झालें कीं पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशीं बसतें. कांहीं जुन्या कार्बोरेटरांतील तरंगता गोळा बुचाचा असून त्यावर लाखेचें रोगण असे; असें रोगण इथेनॉलनें विरघळतें, बूच पेट्रोल पितें आणि जड होऊन बुडूं लागतें. म्हणून जुनें पेट्रोल ओतून टाकण्यासाठीं वेगळ्या डब्यांत काढावें, टाकी व गाळणी धुवावी, आणि मगच कार्बोरेटर उघडावा. छिद्रांत तार खुपसूं नये. हवा फुंकून तीं मोकळीं करावींत. मिश्रणाची सुई काढण्यापूर्वीं ती हलकेच आंत फिरवून किती वेढे होतात हें मोजून लिहून ठेवावें, म्हणजे ती पुन्हां मूळ जागीं आणतां येते.

तेलाच्या प्रमाणाकडेही येथेंच लक्ष द्यावें. दोन-धांवी मोटारीचें तेल पेट्रोलांतच मिसळावें लागतें. २४ भाग पेट्रोलास १ भाग तेल असें प्रमाण असेल, तर १ लिटर पेट्रोलास सुमारें ४२ मिलिलिटर तेल लागतें. ५० ला १ असेल तर २० मिलिलिटर. तेल अधिक झाल्यास प्लग काळा पडतो व मोटार सुरू होण्यास त्रास देते. कमी झाल्यास मोटार सुरू होते खरी, पण आंतून झिजून मरते. पहिली चूक दिसते व दुसरी दिसत नाहीं. म्हणून दुसरी अधिक घातक होय.

पांचवी पायरी दाबाची. प्लग काढून, तार पूर्वीप्रमाणेंच धातूस टेकवून, भोंकावर अंगठा धरावा व दोरी ओढावी. दाब चांगला असेल तर अंगठा वर उडतो. तो नुसता फुसका श्वास लागला, तर दट्ट्याच्या कड्या झिजल्या आहेत किंवा कोठें तरी गळती आहे. खालच्या पेटीची रबरी सीलें झिजलीं, तरीही नवें मिश्रण नीट ओढलें जात नाहीं. हें काम मात्र अनुभवी मिस्त्रीचें आहे. आणि दोष येथपर्यंत आहे हें त्यास सांगतां आलें, तर त्याचा वेळ व तुमचा पैसा दोन्ही वांचतात.

या सर्व पायऱ्यांवर एकच नियम लागू आहे: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व तिचा परिणाम पाहावा. तीन गोष्टी एकदम बदलून मोटार सुरू झाली, तरी आपण कांहीं शिकलों नाहीं. उद्यां ती पुन्हां थांबेल आणि आपण पुन्हां अंधारांत असूं. मोटार पाण्याबाहेर चालवूं नये, कारण तिला थंड ठेवणाऱ्या पंपाचें रबरी चाक पाण्यावांचून थोडक्यांत जळतें. खालचा भाग पाण्याच्या पिंपांत बुडवून परीक्षा करावी, व पंख्याजवळ हात नेऊं नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असते व होडीच्या तळाशीं सांचते, हेंही विसरूं नये. खाऱ्या पाण्यांतून आल्यावर मोटारींतून गोडें पाणी खेळवावें.

पालकांस एक विनंति आहे. घरांत जुनी, निकामी मोटार पडली असेल, तर ती भंगारांत देण्यापूर्वीं आपल्या देखरेखीखालीं मुलांस उघडूं द्या. पुस्तकांतील दट्ट्या आणि ठिणगी त्यांच्या हातांस भेटतील.

आपण म्हणतों, मोटार रुसली. खरें पाहतां ती रुसत नाहीं, हट्ट करीत नाहीं, कोणाचा सूडही घेत नाहीं. ती आपल्या नियमास अक्षरशः जागते. उतावळे आपणच होतों. गणिताचें उत्तर चुकलें म्हणजे शहाणा विद्यार्थी सर्व पाटी पुसून टाकीत नाहीं. पहिल्या ओळीपासून एकेक ओळ तपासतो. त्या सायंकाळीं तांडेलांनीं आम्हांस हाच धडा दिला. जातांना ते आणखी एवढेंच म्हणाले, “मोटार कितीही चांगली असो, वल्हीं आणि नांगर घेतल्यावांचून घर सोडूं नका.” तेव्हांपासून मीं तो नियम मोडलेला नाहीं.