ओल राहू देऊ नकोस

पोरी, तुझ्या बाळाला ‘सिस्टिक फायब्रोसिस’ आहे असं डॉक्टरांनी म्हटल्यापासून तू धड जेवली नाहीस, असं ताई म्हणाली. आधी दोन घास खा, मग ऐक. माझ्या मुलाला घेऊन मी या वाटेने बावीस वर्षं चालते आहे. जे उशिरा कळलं ते तुला लवकर कळावं, एवढंच मला हवंय.

दोष कुणाचाच नाही. सदोष जनुक आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असं दोन्हीकडून आलं तरच हा आजार होतो. सासरी कुणी माहेरचं काढलं, तर शांतपणे हेच सांग.

माझ्या लेकाचा पापा घेतला की ओठ खारट व्हायचे. उन्हाळ्यात कपाळावर मिठाची पांढरी रेघ उमटायची. मी ती दाखवली, घरच्यांनी दृष्ट काढली. पुढे खोकला थांबेना, तेव्हा एका डॉक्टरांनी क्षयाची औषधं सुरू केली आणि महिने वाया गेले. घामाची साधी चाचणी झाली असती, तर तेव्हाच कळलं असतं. त्या घामातलं क्लोराइड लिटरला ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त भरलं की हा आजार समजतात. तुझ्या बाळाची चाचणी वेळेवर झाली, हे मोठं काम झालंय.

आता जंतूंचं. पेशीतून मीठ नि पाणी ये-जा करण्याची वाट बिघडल्यामुळे या मुलांच्या छातीतला कफ चिकट, डिंकासारखा होतो. तुझ्या-माझ्या छातीत जो जंतू श्वासाबरोबर आत येतो तो कफासोबत बाहेर फेकला जातो, या मुलांच्या छातीत तो अडकून राहतो. लहानपणी बहुधा स्टॅफिलोकोकस, मोठेपणी स्यूडोमोनास. डॉक्टर यांना संधिसाधू जंतू म्हणतात. स्यूडोमोनास एकदा मुरला की स्वतःभोवती बुळबुळीत आवरण बांधतो, मग औषधं त्याच्यापर्यंत नीट पोचत नाहीत. म्हणून तो पहिल्यांदा सापडतो तेव्हाच त्याला हुसकायची खरी संधी असते. दर तीन महिन्यांनी होणारी थुंकीची किंवा घशाची तपासणी चुकवू नकोस. मूल खेळतंय, हसतंय, तरी चुकवू नकोस. आणि लॅबच्या चिठ्ठीवर आजाराचं नाव लिहून घे, कारण काही जंतूंसाठी वेगळी पद्धत वापरावी लागते, नेहमीच्या तपासणीत ते निसटतात.

स्यूडोमोनासला ओल लागते. म्हणून घरातली ओल शोधत फिरायचं. फुलदाणीतलं जुनं पाणी, कुंडीखालची ताटली, मोरीतला ओला स्पंज, खेळण्यातल्या बदकात साठलेलं पाणी. पावसाळ्यात भिंतीला बुरशी आली की मुलाला त्या खोलीत झोपवू नकोस. सडका कांदा टोपलीत राहू देऊ नकोस. या मुलांना छळणारा बर्खोल्डेरिया नावाचा जंतू शास्त्रज्ञांना पहिल्यांदा सडक्या कांद्यातच सापडला, अमेरिकेत; १९५० साली त्याची नोंद झाली. ताज्या कांद्याला मात्र भिऊ नकोस, खुशाल चिर.

सगळ्यात जास्त ओल लपते ती नेब्युलायझरच्या कपात. मी सुरुवातीला तो नळाखाली विसळून, ओलाच डब्यात ठेवायची. तिथेच जंतू वाढत होते आणि मीच ते रोज वाफेतून लेकाच्या छातीत सोडत होते. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. तू असं कर. वापरून झालं की सगळे भाग सुटे कर, गरम पाण्याने आणि साबणाने धू. मग कंपनीने चालतं म्हटलेले भाग पाच मिनिटं खळखळ उकळ. उकळल्यावर पुन्हा नळाखाली धरायचं नाही. स्वच्छ कागदावर मोकळे सुकू दे. मोटर आणि नळी उकळायची नाही.

वाफेचाही क्रम असतो. आधी श्वासनळी मोकळी करणारं औषध, मग खारट पाण्याची वाफ, मग फिजिओने शिकवलेली थाप आणि खोकला. अँटिबायोटिकची वाफ सगळ्यात शेवटी, नाहीतर औषध कफावरच बसतं. थाप जेवणाआधी दे. रडलं तरी दे.

आता जे सांगते ते तुला जड जाईल. हाच आजार असलेलं दुसरं मूल तुझ्या मुलाजवळ बसवू नकोस. दवाखान्याच्या बाकावर माझा मुलगा तशाच एका मुलीशी रंगीत ठोकळे खेळायचा. त्या आईची आणि माझी घट्ट मैत्री झाली होती, कारण आमचं दुःख दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. पण या मुलांमध्ये जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातात, आणि बर्खोल्डेरिया तर काहींच्या जिवावर बेततो. यामुळेच पाश्चात्त्य देशांत अशा मुलांची शिबिरं बंद केली गेली. आता आम्ही दोघी फोनवर बोलतो, मुलं व्हिडिओवर. निदान दोन मीटरचं अंतर, वेगळी वेळ, वेगळी खोली, हे दवाखान्यात स्पष्ट मागून घे. संकोच करू नकोस. इतर मुलांत मात्र त्याला मनमुराद खेळू दे, शाळेतही घाल.

तूप, लोणी, साय हात आखडून देऊ नकोस. पचनासाठी डॉक्टरांनी दिलेली एन्झाइमची गोळी जेवणासोबत, विसरायची नाही. उन्हाळ्यात मीठ किती वाढवायचं ते डॉक्टरांना विचार.

कफाचा रंग बदलला, खोकला वाढला, वजन थांबलं, भूक मेली, यांतलं काहीही दिसलं तर सोमवारची वाट पाहू नकोस. आणि उद्या सकाळी तो कप उकळायला ठेवशील तेव्हा मला व्हिडिओ कॉल लाव. पहिल्यांदा माझ्या डोळ्यांदेखत कर.