धसकट आणि धनुर्वात



दिवाळी झाली की वसमत, कळमनुरी, औंढा भागात तोडीच्या टोळ्या फडात उतरतात. कोयता लागला की रक्त वाहतं, माणूस घाबरतो आणि दवाखाना गाठतो. पण उसाचं धसकट तळपायात घुसलं तर? "काही होत न्हाई, हळद दाबा" म्हणायचं आणि पुन्हा मोळ्या बांधायला लागायचं. आम्हाला जास्त भीती वाटते ती याच जखमेची.

धनुर्वाताचे जंतू सुप्त रूपात मातीत, शेणात वर्षानुवर्षे टिकतात. मोकळ्या हवेत ते वाढत नाहीत. धसकटाची किंवा खिळ्याची जखम वरून बारीक, आत खोल. तोंड मिटलं की आत हवा नाही, आणि त्यांना तेच पाहिजे असतं. वर शेण-माती लावणं म्हणजे आपल्याच हातानं बी टोकणं. जंतू जखमेतच राहतात, त्यांचं विष मात्र नसांच्या वाटेनं मज्जारज्जूपर्यंत जातं. बहुधा 3 ते 21 दिवसांत दातखीळ बसते, मान ताठते, अंग धनुष्यासारखं वाकतं. तोवर जखम भरलेली असते. धसकट कुणाच्या ध्यानात नसतं, अन् घरची माणसं बाहेरची बाधा समजून जाणत्याकडे पळतात. नसांत बसलेलं विष कोणत्याही औषधाने निघत नाही.

जखम साबण-पाण्याने धुवावी, आत तुकडा राहू देऊ नये, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. मात्र एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. ज्याने पूर्वी लस घेतलेलीच नाही, त्याला जखमेनंतरची पहिली सुई लगेच पावत नाही. अंगात ताकद यायला काही आठवडे लागतात. अशाला खराब जखम असेल तर डॉक्टर तयार प्रतिपिंडांचे वेगळे इंजेक्शनही देतात. म्हणून लस हंगामाआधीच घेतलेली बरी. दुसरी मात्रा 4 आठवड्यांनी, तिसरी त्यानंतर 6 ते 12 महिन्यांनी. 2019 पासून सरकारी लसीकरणात टी.टी.च्या जागी टी.डी. आली; तिच्यात घटसर्पाचीही लस आहे.

माता व नवजात बाळांच्या धनुर्वाताचे देशातून निर्मूलन झाल्याचे 2015 साली जाहीर झाले. गरोदरपणी लस आणि स्वच्छ बाळंतपण यांचे हे फळ. जंतू काही मातीतून गेला नाही. लहान मुलांच्या लसीकरणाचा देशव्यापी कार्यक्रम 1978 साली सुरू झाला. त्याआधी जन्मलेल्या बाप्या माणसांपैकी अनेकांनी पूर्ण मात्रा घेतलेल्याच नाहीत. आपल्या घरी बैलाखालचं शेण काढणारे, बांधावर अनवाणी फिरणारे आजोबा याच पिढीतले. या आठवड्यात त्यांना आधी विचारा, मग टोळीच्या मुकादमाला.