एटीव्हीचे ब्रेक ऑइल : बदलण्याची व हवा काढण्याची पद्धत

डोंगरउताराच्या बागांत कीड सर्वेक्षण व फवारणीसाठी एटीव्ही वाहन उपयुक्त ठरते. मात्र 100 लिटर द्रावणाने वाहनाचे वजन सुमारे 100 किलोने वाढते आणि उतारावर त्याचा ताण ब्रेकवर येतो.

डॉट 3 व डॉट 4 प्रकारचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. नव्या डॉट 4 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरल्यावर तो 155 अंशांपर्यंत उतरू शकतो. तापलेल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात व लिव्हर दाबूनही ब्रेक लागत नाही. म्हणून ऑइल साधारणतः दर दोन वर्षांनी बदलावे.

कृती :
1. वाहन सपाट जागी उभे करावे. ऑइलच्या डबीवरील धूळ व औषधाचे अवशेष पुसूनच झाकण उघडावे. झाकणावर नमूद प्रकारचेच ऑइल वापरावे.
2. चाकाजवळील निपलला पारदर्शक नळी जोडून तिचे टोक बाटलीतील ऑइलमध्ये बुडवावे.
3. एकाने लिव्हर दाबून धरावा. दुसऱ्याने निपल सैल करून पुन्हा आवळावे. त्यानंतरच लिव्हर सोडावा.
4. स्वच्छ, बुडबुडेविरहित ऑइल येईपर्यंत ही क्रिया करावी. डबीतील पातळी किमान खुणेखाली जाऊ देऊ नये. अन्यथा पुन्हा हवा शिरते.

इंजिन ऑइल कदापि घालू नये; त्याने रबरी सील फुगतात. जुने ऑइल जमिनीवर ओतू नये. लिव्हर टणक लागल्यावर रिकाम्या टाकीने, सपाट जागी चाचणी घ्यावी. मगच वाहन उतारावर न्यावे.