गोळी दहा मिलिग्रॅमची, वाढ चार किलोग्रॅमची!

ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नाहीशीही करता येत नाही, हा नियम तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचला आहे. तो वाफेच्या इंजिनाला लागू पडतो, तसा माणसाच्या शरीरालाही लागू पडतो. पुष्कळ घरांत मनात येणारा, पण सहसा मोठ्याने न विचारला जाणारा एक प्रश्न आज आपण याच नियमाच्या मदतीने सोडवू. मनोविकारावरील काही औषधे सुरू केली की रुग्णाचे वजन वाढते, ते का?

प्रथम थोडा इतिहास पाहू. १९५२ साली पॅरिसमधील सेंट ॲन रुग्णालयात ज्याँ दले व पिएर देनिकेर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिले. भास, भ्रम आणि प्रक्षोभ यांवर त्याचा चांगला परिणाम दिसला. जे रुग्ण वर्षानुवर्षे रुग्णालयात अडकून पडले असते, त्यांतील अनेकांना घरी परतणे शक्य झाले. पुढे क्लोझापिन, ओलान्झापिन, रिस्पेरिडोन अशी नवी औषधे आली. त्यांच्या गुणांबरोबर वजनवाढीचा दोषही दिसू लागला. १९९९ साली अमेरिकेतील डेव्हिड ॲलिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांतील आकडे एकत्र करून दहा आठवड्यांतील सरासरी वजनवाढीचा अंदाज काढला. तो असा: क्लोझापिन ४.४५ किलोग्रॅम, ओलान्झापिन ४.१५, रिस्पेरिडोन २.१० आणि झिप्रासिडोन केवळ ०.०४ किलोग्रॅम. (काटेकोरपणे बोलायचे तर हे वस्तुमान आहे, पण येथे आपण रोजच्या भाषेत वजनच म्हणू.)

आता ओलान्झापिनचे उदाहरण घेऊ. समजा, रोज १० मिलिग्रॅमची एक गोळी घेतली. दहा आठवडे म्हणजे ७० दिवस. एवढ्या काळात पोटात गेलेले औषध ७०० मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅमदेखील नाही. गोळीतील इतर पदार्थ धरले तरी सत्तर गोळ्या मुठीत मावतील. मग चार किलोग्रॅम आले कोठून? गोळीतून नाही, हे उघड आहे. ते अन्नातूनच आले असले पाहिजेत.

किती अन्नातून? शरीरात एक किलोग्रॅम चरबी साठण्यासाठी सुमारे ७,७०० उष्मांक शिल्लक उरावे लागतात. (आहारशास्त्रातील उष्मांक म्हणजे एक किलोकॅलरी, अर्थात ४,१८४ ज्यूल.) ७,७०० ला ७० ने भागले की ११० येतात. साध्या मध्यम पोळीत जवळजवळ एवढेच उष्मांक असतात. म्हणजे रोज एक पोळी शिल्लक पडली, तर दहा आठवड्यांत एक किलोग्रॅम वाढतो! या हिशेबाने ४.१५ किलोग्रॅमसाठी रोज सुमारे ४५६ उष्मांक, म्हणजे चार पोळ्या शिल्लक पडायला हव्यात.

हेच वॅटमध्ये मांडू. रोज २,००० उष्मांक खर्च करणारे शरीर म्हणजे जवळजवळ १०० वॅटचा दिवा. आपली शिल्लक सुमारे २२ वॅट भरते. वाढलेले सगळे वजन चरबीचेच असते असे नाही, काही भाग पाण्याचाही असतो. म्हणून हा आकडा ढोबळ समजावा. पण मुद्दा स्पष्ट आहे: जमाखर्चातील एवढासा फरक रोज साठत गेला, की तो डोळ्यांत भरतो.

हा फरक औषध कसे घडवते? गच्चीवरील पाण्याची टाकी आठवा. पाणी ठरावीक पातळीला आले की तरंगता गोळा वर उचलला जातो आणि नळ बंद होतो. गोळ्याची दांडी जरा वाकवली तर टाकी अधिक भरते. दांडी स्वतः पाणी ओतत नाही, ती फक्त नळ केव्हा बंद व्हायचा ते ठरवते. आपल्या मेंदूच्या तळाशी असलेला अधश्चेतक नावाचा छोटा भाग भुकेच्या बाबतीत असेच काम करतो. पेशींवरील 'ग्राही' ही जणू कुलुपे आणि रासायनिक रेणू या किल्ल्या. मनोविकारावरील ही औषधे मुख्यतः डोपामिनच्या ग्राहींवर काम करतात. पण त्यांतील काहींची किल्ली हिस्टामिन व सेरोटोनिन यांच्या काही कुलपांतही बसते. हिस्टामिनचे हे कुलूप अडले की भूक वाढते आणि झोपही येते. सर्दीच्या काही गोळ्यांनी पेंग येते, ती याच कुलपामुळे. म्हणजे एकीकडे जमा वाढते, तर दुसरीकडे हालचाल मंदावून खर्च घटतो.

तेव्हा असा रुग्ण 'हावरट' किंवा 'आळशी' झाला, असे म्हणणे विज्ञानाला धरून नाही. दांडी वाकली आहे आणि त्याला खरोखरच भूक लागते आहे. वर्गातील एखादा मित्र अचानक जाड झाला म्हणून त्याला चिडवण्यापूर्वी हे आठवावे. त्या चेष्टेला कंटाळून त्याने गोळ्या बंद केल्या, तर आजार उलटण्याचा धोका फार मोठा असतो. औषध मनाने कधीही थांबवू नये.

याचा अर्थ वजनाकडे दुर्लक्ष करावे असा मात्र नाही. वाढत्या वजनाबरोबर मधुमेह व हृदयविकार यांचा धोका वाढतो. म्हणून औषध सुरू करतानाच वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, रक्तातील साखर व मेद यांची नोंद करावी आणि पुढे ठरावीक काळाने ती मोजत राहावीत. वजन वाढू लागले तर डॉक्टरांना लगेच सांगावे. औषधाची मात्रा बदलणे, झिप्रासिडोन किंवा ॲरिपिप्रॅझोल यांसारखे कमी वजन वाढवणारे औषध देणे, काही वेळा मेटफॉर्मिन जोडीला देणे, असे उपाय त्यांच्याकडे असतात. अर्थात प्रत्येक औषध प्रत्येकाला लागू पडत नाही. काही रुग्णांना क्लोझापिनखेरीज दुसऱ्या औषधाने गुणच येत नाही. निवड डॉक्टरांनी रुग्णाशी बोलून करायची. घरच्यांनीही आपला वाटा उचलावा. त्या एकट्याचे ताट वेगळे करण्याऐवजी सगळ्यांनीच गोड व तळलेले कमी करावे आणि संध्याकाळी त्याच्याबरोबर फिरायला जावे.

मनाच्या आजाराविषयी सल्ला हवा असल्यास भारत सरकारची 'टेली मानस' ही सेवा २०२२ सालापासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

स्वतः सोडवा
१. रिस्पेरिडोनच्या २.१० किलोग्रॅम वाढीसाठी रोज किती उष्मांक शिल्लक पडावे लागतील? ते किती वॅट होतात? (उत्तर: सुमारे २३१ उष्मांक, सुमारे ११ वॅट.)
२. वजन वाढले की तेच शरीर हलवायला अधिक ऊर्जा लागते. मग वजनाचा आलेख सरळ चढत राहील, की हळूहळू सपाट होईल? कारण द्या.
३. वजन दर आठवड्याला एकाच वेळी, एकाच काट्यावर आणि सारख्याच कपड्यांत का करावे? शिक्षकांशी चर्चा करा.