मोहाच्या सावलीत

देवणी हे लातूर जिल्ह्यातील गाव. तेथील मुलांना काळी शेते व गवताळ माळ परिचित. पण घनदाट वन त्यांनी कधी पाहिले नव्हते. म्हणून फाल्गुन महिन्यात शाळेची सहल पैनगंगा अभयारण्याकडे निघाली, तेव्हा त्यांच्या आनंदास पारावार उरला नाही.

नांदेड व यवतमाळ या जिल्ह्यांच्या सीमेवरून पैनगंगा वाहते. तिच्या दोन्ही तीरांवर हे अभयारण्य पसरले आहे. सागाची पाने गळून गेली होती. पळस मात्र केशरी फुलांनी पेटल्यासारखा दिसत होता. किनवट तालुक्याच्या या भागात गोंड, कोलाम व आंध हे आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत.

वनाजवळच्या एका शेतात मोहाचा मोठा वृक्ष उभा होता. एका मुलाने काठीसाठी त्याची फांदी वाकविली. इतक्यात शेताचे मालक, एक वृद्ध गोंड गृहस्थ, तेथे आले.

"बाळ, फांदी राहू दे," ते शांतपणे म्हणाले. "रात्री फुले गळतात, पहाटे आम्ही ती वेचतो. बियांचे तेल काढतो. हे झाड आमच्या घरचे अन्न आहे."

"शेत नांगरताना झाडाची अडचण होत नाही का, आजोबा?" मुलाने विचारले.

"होते. पण नांगर वळवून घेता येतो. झाड हलविता येत नाही. आमच्या कुळांची नावेदेखील झाडांवरून पडली आहेत. टेकाम म्हणजे सागाचे, मरकाम म्हणजे आंब्याचे. आपल्या कुळाच्या झाडावर कुऱ्हाड चालवू नये, अशी वाडवडिलांची रीत आहे."

मग गुरुजींनी मुलांना इतिहास सांगितला. देवणी व किनवट हे दोन्ही प्रदेश पूर्वी निजामाच्या राज्यात होते. राखीव वनात शेती करण्यास व गुरे चारण्यास गोंडांना मनाई होऊ लागली. तेव्हा किनवटचा समावेश असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात कोमरम भीम या गोंड वीराने त्या अन्यायाविरुद्ध लढा दिला. १९४० साली जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांशी लढताना त्यास वीरमरण आले. पुढे २००६ साली भारताच्या संसदेने कायदा करून आदिवासींचे वनावरील हक्क मान्य केले.

"आपल्या गावाने असे काय जतन केले आहे?" गुरुजींनी विचारले.

"देवणी जातीची गाय!" मुले एका स्वरात म्हणाली. वानेरा, बालंक्या व शेवरा हे तिचे तीन प्रकार त्यांना तोंडपाठ होते.

"शेतकऱ्यांनी उत्तम वळू राखले, म्हणून ती जात टिकली. तसेच या लोकांनी झाडे राखली. वारसा आपोआप टिकत नाही. तो रोज सांभाळावा लागतो."

फांदी वाकविणारा मुलगा खाली बसला आणि गळलेली फुले वेचून आजोबांच्या टोपलीत टाकू लागला. थोड्याच वेळात सारी मुले त्या कामात रमून गेली.